त्या सिनेमातली आजी

गेल्या आठवड्यात बाजारातून वालाच्या शेंगा आणल्या. विकणारीने शेंगांवर भांबुर्डीच्या पाल्याची जुडी ठेवूनच दिली, वेगळी मागावी लागली नाही. या दिवसांत रोह्यात कुणी शेंगा घेतल्या की त्या पोपटीसाठीच, हे तिला ठाऊक असतं. मडक्यात पाला अंथरायचा, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा, अंडी, ज्याला चालते त्याला कोंबडी, वरून पुन्हा पाला. मग मडकं शेतात उपडं घालून भोवती पेंढ्याचा आणि काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. भात कापून झालेला असतो, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल वाढलेला असतो आणि संध्याकाळी थंडी पायांतून वर चढत असते. वर्षातले एवढेच दिवस.

पिशवी ओट्यावर ठेवली तर त्या पाल्याचा उग्र वास घरभर झाला. तृप्तीचे बाबा आतून आले, वास घेतला आणि टीव्हीसमोर बसून सिनेमा शोधायला लागले. कुठला ते विचारायची गरज नव्हती. तृप्ती आमची एकुलती एक मुलगी. तिच्या बाळंतपणाच्या वर्षी, याच हंगामात, तिने तो सिनेमा आम्हाला दाखवला. तेव्हापासून पोपटीचा वास आला की ह्यांना तो सिनेमा आठवतो. मलाही आठवतो. पण हे हसायला बसतात आणि मी गोंधळायला.

सिनेमा जुना आहे, काळा-पांढरा, इंग्रजी. एका बापाची मुलगी गरोदर राहते आणि तो आजोबा व्हायला तयार नसतो, एवढीच गोष्ट. तो शिंप्याकडे जाऊन तरुण माणसाचा कोट शिवून घेतो. बाळ कसं धरायचं याचा सराव भोपळा घेऊन करतो. शेवटी दवाखान्यात काचेतून दुसऱ्याच कुणाचं तरी बाळ बघून डोळे पुसतो आणि सगळ्यांना मिठाई वाटत सुटतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तृप्ती पोटावर हात ठेवून आम्हाला संवाद मराठीत सांगत होती. भोपळ्याच्या प्रसंगाला तिचे बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. पण माझं लक्ष त्या माणसाच्या बायकोकडे जात होतं. मुलीने बातमी सांगितली तेव्हापासून ती तयारच. कुठल्याही प्रसंगात बघावं तर हातात विणकाम, तोंडावर हसू. नवरा सगळा सिनेमाभर अडखळत, पडत, रुसत आजोबा होतो. ही कधी झाली आजी? एका ठिकाणी ती जिन्यावर थांबून खिडकीबाहेर बघते. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. पण तेवढ्यात नवरा खाली कशावर तरी आपटतो आणि सगळे तिकडे धावतात.

मी तृप्तीला विचारलं, की हिला काय वाटलं ते कुठे सांगितलंय का. ती म्हणाली, आई, विनोदी सिनेमा आहे तो.

मला विचारायचं कारण होतं.

तृप्तीचं लग्न पेणमधल्या रामवाडीत झालं. लग्न ठरवायला गेलो तेव्हा तिच्या सासरच्या शेजारी एक गणपतीचा कारखाना दिसला. दारात ओळीने पांढऱ्या मूर्ती, आत रेडिओ लागलेला आणि रंगाचा वास. चहाचा कप हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. शाळेत असताना माझी चित्रकला चांगली होती. पुढे लग्न झालं, मग घर आणि ह्यांच्या कंपनीच्या शिफ्ट, त्यात ते मागे पडलं. माझं तिथे रेंगाळणं माझ्या विहीणबाईंनी बघितलं असावं. तृप्तीच्या लग्नानंतर काही महिन्यांनी त्यांनीच कारखान्याच्या मालकांना, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, माझ्याबद्दल सांगितलं. मुलगी सासरी गेल्यावर घर रिकामं झालंच होतं. मी रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला जायला लागले. नागोठणे, कासू, पेण. डब्यात ओळखीच्या बायका झाल्या. आधी मूर्तीला पॉलिश पेपर मारायचं काम, मग अंगाचा रंग, मग सोवळं, मग दागिने. आपल्या हाताला एवढं येतं हे मला पंचेचाळिशी ओलांडल्यावर कळत होतं, आणि त्याचं काय करावं ते समजत नव्हतं. गाडीत एकटीच हसत बसायचे.

आणि मग त्या पावसाळ्यात, कारखान्यात गणपतीची घाई असताना, तृप्तीचा फोन आला. हात रंगाने भरलेले होते म्हणून मी स्पीकर लावायला सांगितला. तिने बातमी दिली आणि सगळ्या कारखान्याने ऐकली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, दादांनी कुणाला तरी पेढे आणायला पिटाळलं. मी म्हणाले, बरं. एवढंच. तृप्ती पलीकडे वाट बघत राहिली आणि मग तिने फोन ठेवला. खरं तर ती शेजारच्याच घरातून बोलत होती. मी उठून जायला हवं होतं, आणि गेलेही, पण आधी हातातल्या मूर्तीचं सोवळं पूर्ण केलं. रंग वाळला असता तर डाग पडला असता. हे खरं आहे. तरी नंतर कितीदा तरी माझं मला कळलं नाही, की मी रंगासाठी थांबले होते की आणखी कशासाठी.

दिवाळी झाली, डोहाळजेवण झालं आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तृप्ती रोह्याला आली. आता गंमत बघा. मुलगी पेणहून रोह्याला माहेरपणाला, आणि आई रोजची रोह्याहून पेणला, मुलीच्या सासरच्या गल्लीत. सकाळी मी निघाले की अंगणात शेजारची कुणी बाई विचारायचीच, पोर घरी आली नि तू कुठं चाललीस गो? मी म्हणायची, येते संध्याकाळी. त्या बाईला ते उत्तर पुरायचं नाही आणि मलाही नाही. तृप्तीचे बाबा नुकतेच कंपनीतून निवृत्त झाले होते. आयुष्यभर शिफ्ट केलेल्या माणसाला दिवस कसा काढावा तेच उमगत नव्हतं. मुलगी आली आणि त्यांना काम मिळालं. ते तिला दूध द्यायचे, पाय दाबायचे, तिच्याबरोबर तो सिनेमा परत परत बघायचे. मी घरी यायची तेव्हा दोघांची कसली तरी मजा चाललेली असायची आणि मला वाटायचं, आपण पाहुणे आहोत.

जानेवारीत एक दिवस दादा माझ्या मागे येऊन उभे राहिले. परदेशी जाणाऱ्या मूर्ती आमच्याकडे लवकर रंगतात, त्यांचं काम चाललं होतं. दादांनी माझ्या हातातला ब्रश घेतला, त्याऐवजी बारीक ब्रश दिला आणि म्हणाले, फेब्रुवारीपासून आखणीला बसा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. कारखान्यात ते दोघांनाच जमतं आणि त्या दोघांशी कुणी मोठ्याने बोलतही नाही. मला आनंद झाला की भीती वाटली, सांगता येत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच तृप्तीचे दिवस भरत होते.

घरी येऊन सांगावं असं सगळा रस्ताभर ठरवलं. घरी आले तर खोलीत जुन्या मऊ लुगड्यांच्या घड्या, डिंक, खारका, आणि तृप्तीचे बाबा पाळण्याच्या दोरीला गाठ मारून ती ओढून बघत होते. मी स्वयंपाकाला लागले. दुसऱ्या दिवशी चहा देताना त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मूर्तीचे डोळे काय, पुढच्या वर्षीपन हायेत. आता कशाला?"

बरोबरच होतं. पण मनात आलं, नातवंड तरी पुढच्या वर्षी कुठे जाणार आहे? आणि असं मनात आलं म्हणून मीच दचकले. असा विचार करणारी बाई कसली आजी होणार?

त्याच आठवड्यात पोपटी केली. तृप्तीच्या चुलत काकांचं शेत रोह्याबाहेर आहे, तिथे. विहीणबाईही पेणहून आल्या होत्या. त्यांचं माहेर खाडीकडचं, मिठागरात काम करणाऱ्या माणसांचं. त्यांच्या बोलण्यात ळ चा ल होतो आणि ड चा र. तृप्तीला शेतात प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती. ती शाल पांघरून जाळाकडे बघत बसली होती. धुराने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. काकांनी तापलेल्या मडक्यावर पाण्याचे थेंब टाकले, ते चर्रकन उडून गेले, तेव्हा पोपटी झाली असं म्हणून मडकं बाजूला ओढलं. गरम शेंगा वर्तमानपत्रावर ओतल्या. तृप्ती एकेक शेंग सोलून दाणे तोंडात टाकत होती आणि तिचे बाबा तिच्यासाठी सोललेल्या शेंगांचा वेगळा ढीग करत होते. तेवढ्यात बोलता बोलता त्यांनीच विहीणबाईंना आखणीचं सांगून टाकलं, हसत हसत, म्हणजे बघा हिचं काय चाललंय अशा सुरात.

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण विहीणबाईंनी बोटं पुसली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी काम सोरू नका हा. तृप्तीला पेनला न्हेते मी. बालाचा सगला व्हइल."

जिच्या बोलण्याची मला धास्ती होती ती माझ्या बाजूने बोलली. मला हायसं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. कानशिलं गरम झाली. माझी मुलगी, तिचं पहिलं बाळंतपण, ते दुसऱ्याच्या घरी का म्हणून? मी बऱ्यापैकी तोडूनच म्हणाले, की बाळंतपण रोह्यालाच होईल. विहीणबाई बरं म्हणाल्या आणि अंडं सोलायला लागल्या. तृप्तीचे बाबा चकित होऊन माझ्याकडे बघत होते. मग कामाचं काय, असं त्यांच्या तोंडावर होतं. माझ्याही तोंडावर तेच असावं. मला काम सोडायचं नव्हतं आणि बाळंतपणही सोडायचं नव्हतं, आणि ज्यांनी ज्यांनी मला यातून सोडवायचं म्हटलं त्यांचा मला राग येत होता.

शेवटी मी काही ठरवलंच नाही. जानेवारी संपला, मी रोज जात राहिले. एका सकाळी साडी नेसून, डबा भरून दारात चपला घालत होते. तृप्ती भिंतीला धरून आतून आली आणि म्हणाली, आई, आज नको जाऊ. तिच्या आवाजावरून समजलं. मी डबा तिथेच चपलांच्या स्टुलावर ठेवला आणि रिक्षा बोलावली.

दुपारी मुलगी झाली. सिस्टरने कपड्यात गुंडाळून बाहेर आणली तेव्हा तृप्तीचे बाबा रडायलाच लागले. बाकावरच्या अनोळखी माणसांना सांगत सुटले. सिनेमातल्या माणसाचं वेड त्यांच्यात शिरलं होतं, फक्त त्यांचं रडणं खरं होतं. सिस्टरने बाळ माझ्या हातात दिलं. मूर्तीकाम करणाऱ्या बाईला तेव्हा काय वाटलं असेल, तिने आधी डोळे बघितले असतील का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. तसं काही झालं नाही. बाळ मऊ होतं, गरम होतं, लाल होतं. मी वाट बघत होते, की आता आतून काहीतरी भरून येईल. आणि मला आठवला तो दारात राहिलेला डबा. भाजी आंबली असेल, असं मनात आलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते म्हणून मी हसले. कदाचित तशीच, जशी ती सिनेमातली बाई हसते.

सुट्टी घेतली. सव्वा महिना घरातच. आंघोळ घालायला बाई यायची, शेक, धुरी, मेथी-डिंकाचे लाडू, ओल्या दुपट्यांची दोरीवर रांग. मी सगळं करत होते, आणि नीट करत होते. दादांनी आखणीसाठी दुसऱ्या मुलीला बसवलं, तसं त्यांनी फोन करून सांगितलंही, अगदी चांगल्या शब्दांत. फोन ठेवल्यावर आधी सुटल्यासारखं वाटलं. मग दुपटी पिळताना एकदम रडू आलं. बाळ पाळण्यात रडत होतं, मी मोरीत, आणि तृप्तीचे बाबा दोन्हीकडे कान देऊन मधल्या दारात उभे होते. कुणाकडे आधी जावं ते त्यांना समजेना. शेवटी ते बाळाकडे गेले. मला त्याचं बरं वाटलं.

एका दुपारी मी बाळाचं काजळ पुसत होते. तृप्ती पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती. खूप वेळ बघून म्हणाली, "आई, तुला ही आवडत नाय का?"

मी हात थांबवला. खोटं बोलता आलं असतं. म्हणाले, "आवडते गो. पण मला अजून आजीसारखं काय वाटत नाय. लोकांना वाटतं तसं. मी रोज वाट बघते."

मला वाटलं ती रडेल. ती छताकडे बघत म्हणाली, "मलाही आईसारखं नाय वाटत. रोज वाटतं, संध्याकाळी कुणीतरी येईल आणि हिला घेऊन जाईल. मग आपण परत सिनेमा बघत बसू."

मी तिच्या शेजारी आडवी झाले. बाळ दोघींच्या मध्ये. तृप्ती झाली तेव्हा मीही माझ्या आईकडे अशीच पडून होते, आणि मलाही वाटायचं की हे बाळ कुणाचं तरी आहे, मी सांभाळतेय. कुणाला बोलले नव्हते. माझी आई तेव्हा सगळं करायची, तोंड न उघडता, भराभर. तिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. ती आता नाही. तृप्तीने मला विचारलं, हे मला किती मोठं वाटलं ते मी तिला सांगितलं नाही. फक्त तिच्या केसांतून हात फिरवत राहिले, आणि दोघींचा डोळा लागला. उठलो तेव्हा बाळ तृप्तीच्या बाबांकडे होतं.

सव्वा महिना झाल्यावर मी कामावर परत गेले. दिवसा तृप्ती आणि तिचे बाबा बाळाचं बघायचे. आठवड्यातून एकदोनदा विहीणबाई माझ्या उलट्या दिशेच्या गाडीने रोह्याला यायच्या. पोपटीच्या दिवशी मी तोडून बोलले त्याचा त्यांनी कधी उच्चार केला नाही. मी त्यांना एकदा म्हणाले, की तुमच्यावर उगाच चिडले. त्या म्हणाल्या, होतं असं, आणि बाळाची टोपी सारखी केली. पुढे तृप्ती पेणला गेली. बाळाचं नाव इरा ठेवलं. आता गणित बरोबर उलट झालं. कारखाना आणि नात एकाच गल्लीत. संध्याकाळच्या गाडीआधी मी तिच्याकडे जायला लागले. कधी ती झोपलेली असायची, कधी माझ्याकडे यायला नकार द्यायची. पुढच्या वर्षी दादांनी पुन्हा बारीक ब्रश दिला. पहिल्या मूर्तीचा एक डोळा वरच्या बाजूला गेला. दादांनी तो पुसून टाकला आणि परत काढायला लावला. आता बरे जमतात.

लोक विचारतात, नातीचं प्रेम मुलीपेक्षा जास्त असतं म्हणतात, खरं का? मी होय म्हणते, कारण तसं म्हटलं की पुढचं बोलणं सोपं जातं. खरं सांगायचं तर मला ठाऊक नाही. कधी ती धावत येते आणि मी गाडी चुकवते. कधी ती हट्ट करते आणि माझं डोकं दुखतं आणि मला कारखान्यातली शांत जागा आठवते. दोन्ही खरं आहे. दोन्हीतलं कुठलं आजीपण, ते अजून कुणी मला समजावून सांगितलेलं नाही.

या रविवारी पुन्हा त्याच शेतात जमलो. विहीणबाई, तृप्ती, जावई, काका. दिवस मावळायला आला होता. पेंढा पेटला, धूर वाऱ्याबरोबर सगळ्यांच्या अंगावरून फिरला. इरा दिवसभर बांधावरून धावून दमली होती. ती माझ्या मांडीवर येऊन बसली, मडक्यात काय आहे ते विचारलं, आणि माझं उत्तर संपायच्या आत झोपली. डोकं माझ्या गुडघ्याच्या बाहेर लोंबत होतं, ते मी हाताने वर घेतलं. मडकं फुटायला आलं असं काका ओरडले, सगळे उठले. शेंगा ओतल्या गेल्या. तृप्तीचे बाबा दुरून म्हणाले, ये गो, गरम हायेत तोवर.

माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मग मुंग्याही गेल्या आणि पाय माझा आहे की नाही तेही कळेनासं झालं. तृप्तीने येऊन विचारलं, की हिला घेऊ का? मी नको म्हणून मान हलवली. शेंगा संपत आल्या, जाळ खाली बसला. मी पाय हलवला नाही.